रंगवू का बदलू?

हा प्रश्न त्यांनी मला पहिल्या भेटीतच विचारला. कोरेगावजवळच्या त्या गावात मी शाळेवर मास्तर म्हणून रुजू व्हायला आलो होतो. काखेत वळकटी, हातात ट्रंक. खोली भाड्यानं मिळेल का, एवढंच मला विचारायचं होतं. ते अंगणात उभ्या असलेल्या एका मोटारीच्या मागच्या उघड्या भागात, फळ्यांवर मांडी घालून बसले होते. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, डोक्याला पटका आणि हातात कल्हई उडालेला चहाचा मग.

"रंगवू का बदलू?"

"काय?" मी म्हणालो.

"ह्यो हौदा." त्यांनी बोटांच्या पेरांनी फळीवर टकटक केलं, कान लावून आवाज ऐकला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सांगलीला आमच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. पण खोली हवी होती, म्हणून मी "रंगवा की" म्हणालो. ते एकदम खूष झाले आणि मला खोली मिळाली. "बदला" म्हणालो असतो तरी मिळाली असती, हे मला मागाहून समजलं. ते कुणाच्याही उत्तरावर सारखेच खूष होत आणि कुणाचंच ऐकत नसत.

सगळा गाव त्यांना हवालदार म्हणायचा, मीही म्हणू लागलो. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या बाजूला मोटार हाकायला होते. लढाई संपली, सरकारनं जुन्या लष्करी गाड्या विकायला काढल्या, त्यातली ही एक छोटी, मागून उघडी गाडी ते घेऊन आले. ऊस, हळद, गुरं सगळं थोरल्या भावाच्या हाती होतं. ह्यांच्याकडं गाडी. हळद निघाली की पोती भरायची आणि सांगलीच्या पेठेत नेऊन टाकायची, एवढंच त्यांचं काम. बाकीचे दिवस ते आणि गाडी अंगणात एकमेकांना सोबत करत.

गाडी पुढून तशी धडधाकट होती. इंजिनाला ते रोज उजाडताना जागं करायचे, जरा वेळ त्याचं ऐकायचे आणि पुन्हा झोपवायचे. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं तेव्हाची ही गोष्ट. थोरले भाऊ ओसरीवरून म्हणायचे, "आरं, त्या पेट्रोलात एक खेप झाली असती." हवालदार म्हणायचे, "दादा, रोज इचारपूस क्येली म्हंजी मानूस रुसत न्हाई."

मागचा हौदा मात्र पार थकलेला. हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले, फळ्यांच्या कडा कुजलेल्या, आणि एका फळीला तर एवढं भोक होतं, की आत बसल्या बसल्या खालून जाणारी कोंबडी दिसायची.

त्या हौद्याबद्दल त्यांनी ज्याला विचारलं नाही असं माणूस त्या पंचक्रोशीत नसेल. न्हाव्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, भिक्षेला आलेल्या गोसाव्याला विचारलं. एकदा शाळातपासणीला दिपोटी आले. त्यांचा चहा हवालदारांकडं ठेवला होता. दिपोटींनी बशी तोंडाला लावली आणि समोरून प्रश्न आला, "सायेब, रंगवू का बदलू?" साहेब शाळेच्याच विचारात होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि गंभीरपणे म्हणाले, "वरिष्ठांकडे लिहून विचारावं लागेल." हवालदार मला पुढं कितीतरी दिवस सांगत होते, "साहेब शाना हाय. घाईनं बोलला न्हाई."

अंगणाच्या भिंतीवर त्यांनी निरनिराळ्या रंगांचे पट्टे ओढून ठेवले होते. हिरवा, निळा, तांबडा, मातकट. दुपारी ते हौद्यात आडवे होत, तोंडावर पटका घेत आणि पटक्याच्या फटीतून त्या पट्ट्यांकडं बघत पडत. निंबाची सावली गाडीवरून सरकत भिंतीवर जायची, रंग एकेक करून झाकायची आणि पुन्हा मोकळे करायची. शाळा सुटून मी यायचो तेव्हा ते तसेच असत. मीही मग दारात टेकायचो. त्या घरात दुपारी वेळ पुढं जायचाच नाही, आणि जावा असं मलाही वाटायचं नाही. दिवाळीपूर्वी त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, भिंत सारवली तीसुद्धा पट्टे सोडून सारवली.

सुतारानं तर केव्हाच कौल दिला होता. "हवालदार, बाभळीच्या घाला. माझ्या फळ्या पान्यात मुरत पडल्यात. किडा लागायचा न्हाई, तुमी म्हातारं व्हाल पर फळी व्हायची न्हाई." आणि खरंच, वसना नदीच्या डोहात त्याच्या फळ्या दोरानं बांधून पडल्या होत्या. हवालदार म्हणायचे, "बरं, उंद्या बगू." सुतार गेला की डबा उघडून एक फळी रंगवायचे, संध्याकाळपर्यंत तिच्याकडं बघायचे आणि दिवे लागायच्या आत खरवडून काढायचे. सुताराच्या फळ्या मुरून मुरून काळ्या पडल्या. बायका त्यांच्यावर धुणं आपटू लागल्या.

ह्या सगळ्यात खरी अडकली होती ती वहिनींची वाट.

वहिनींचं माहेर पाटणच्याही पुढं, कोयनेच्या काठानं वर. घरात एक म्हातारी आई तेवढी उरलेली, भाऊ मुंबईला गिरणीत. लढाईवर जाताना हवालदार वहिनींना सांगून गेले होते, की जिवंत आलो तर स्वतःच्या मोटारीतनं तुला माहेरी नेईन. ते जिवंत आले, मोटार आली, आणि दोन हळदीचे हंगाम उलटले तरी वहिनी आपल्या चुलीपुढंच.

"आवं, कवा जायाचं?" त्या विचारायच्या.

"हौद्याचं काय त्ये ठरू दे."

"पोरीचं लगीन बी येवढं ठरवाय लागत न्हाई," वहिनी म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण पाठ वळवून म्हणायच्या.

आता कुणी म्हणेल, पुढं नवऱ्याशेजारी जागा होती की. होती. पण त्या काळी तिकडं बायको नवऱ्याच्या चार पावलं मागनं चालायची. दोघं एका चटईवर बसलेली कुणी पाहिली नव्हती. ओसरीवर थोरले दीर, वाटेवर सगळी भावकी, आणि त्यांच्यासमोरनं मोटारीत नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून जायचं? वहिनींच्या मनातसुद्धा ते आलं नसेल. बाईमाणसाची जागा मागं, हौद्यात. आणि हौद्यात माणूस बसवायचं म्हटलं की हवालदारांचं काहीतरी बिनसायचं.

हे बिनसणं काय असतं ते मला सांगलीच्या खेपेत कळलं. सुट्टीला मी घरी निघालो होतो. पुढं थोरले भाऊ बसले, म्हणून मी मागं पोत्यांवर. गाव सुटलं न सुटलं तोच हवालदारांनी पाठीमागच्या पत्र्यावर मूठ हाणली. "मास्तर, बोला!"

"काय बोलू?"

"काय बी. पर बोलत ऱ्हावा. मागनं आवाज पायजे."

मी बोललो. रहिमतपूर येईपर्यंत घरची हकीकत संपली. कऱ्हाडपर्यंत आरत्या, श्लोक, भूगोल सगळं झालं. ऊन चढलं, डोळे जड झाले, दोन्ही बाजूंना ऊस डुलत होता, आणि इस्लामपूरच्या अलीकडं माझा घसा बसला तसा मी गप्प झालो. तत्क्षणी गाडी थांबली. हवालदार उडी टाकून मागं आले. चेहरा पांढराफटक. माझा पाय त्यांनी घट्ट धरला.

"हाय न्हवं?"

"आहे की."

"मग बोलाय काय झालं?"

थोरले भाऊ पुढं तंबाखू मळत बसले होते. त्यांना सवय असावी. मी पुन्हा तोंड उघडलं आणि सांगली येईपर्यंत जे सुचेल ते बरळत राहिलो. घरी उतरलो तेव्हा हळदीच्या पोत्यांमुळं डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो. आई दारातच म्हणाली, "लग्न लावूनच आलास की काय परस्पर?"

सुट्टी संपली. हवालदारांच्या दुसऱ्या खेपेबरोबर परतताना थोरले भाऊ नव्हते, म्हणून मी पुढं बसलो. दुपारी कृष्णेच्या काठाला त्यांनी गाडी उभी केली. इंजिन तापलं होतं. पाणी आणून ओतलं आणि आम्ही सावलीत बसलो. नदी इतकी संथ होती, की वाहतेय का थांबलीय ते कळत नव्हतं. पलीकडं कुणाच्या तरी म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मी काहीच विचारलं नव्हतं. त्यांनी आपण होऊनच सांगितलं.

लढाईत एकदा त्यांच्या हौद्यात जखमी शिपाई घातले होते. डोंगराची वाट. सुरुवातीला मागून पत्र्यावर ठकठक यायची. पाणी मागत असावेत. हवालदारांनी विचार केला, थांबण्यापेक्षा लवकर पोचलेलं बरं. मग ठकठक थांबली.

"मला वाटलं, झोपली," ते म्हणाले. "बरं वाटलं मला, मास्तर. म्हनलं, गड्यास्नी डोळा लागला. झोप मोडाया नगं म्हनून एक एक खड्डा चुकवीत ग्येलो. बारीक आवाजात गानं म्हनत व्हतो." ते पाण्याकडं बघत होते. "पोचल्यावर हौद्याचा मागला फाळका उघाडला. कुनीबी न्हवतं त्यात. मानसं व्हती, पर कुनी न्हवतं."

मी विचारलं, "ही तीच गाडी?"

"असंल. न्हाईतर तिची भैन. समद्या सारख्याच दिसत्यात." त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "रंगवला तर म्हनतील, झाकलंस. बदलला तर म्हनतील, टाकून दिलंस. मंग मी काय करू, सांगा की."

वर्षभर ज्या प्रश्नाची मी शाळेत नक्कल करून दाखवत होतो, तो ते लोकांना विचारतच नव्हते. त्या माणसावर माझा जो जीव जडला तो त्या दुपारपासून.

मग पाटणच्या बाजाराला आलेल्या कुणाकरवी निरोप आला. वहिनींची आई पोट धरून आहे, अन्न जात नाही, तिकडचा वैद्य म्हणतो साताऱ्याच्या दवाखान्यात न्या, नाहीतर आमच्या हातात काही नाही.

सकाळी वहिनी नेसून तयार होऊन अंगणात आल्या. सरळ मागं गेल्या आणि चढायला फाळक्यावर पाय ठेवला.

"थांब," हवालदार म्हणाले. "फळ्या चांगल्या न्हाईत."

"माझी आई मराय लागलीया," वहिनी म्हणाल्या. "आन तुमी फळ्यांचं काय सांगताय?"

हवालदार उभेच. ओसरीवर थोरले भाऊ, कट्ट्यावर भावकी, दारादारांत बायका. वहिनींनी एकदा सगळ्यांकडं बघितलं. पाय खाली घेतला, पदर डोक्यावरनं नीट ओढला, गाडीला वळसा घालून पुढं आल्या, दार उघडलं आणि नवऱ्याच्या शेजारच्या जागेवर चढून बसल्या. बसल्या त्या समोर बघून. कट्ट्यावर कुणीतरी "आगं बया" म्हणालं. थोरले भाऊ उठले आणि ज्याला नुकतंच पाणी पाजलं होतं त्या बैलाला पाणी पाजायला गोठ्यात गेले. मला वाटतं त्यांनी त्या दिवशी जन्मातलं सगळ्यांत चांगलं काम केलं.

म्हातारीला उचलायला माणूस लागेल म्हणून मीही निघालो, अर्थात हौद्यात. सांगलीच्या खेपेनं शहाणा झालो होतो, म्हणून पाढे धरले. एकापासून तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, की पुन्हा एकापासून. उंब्रज सुटलं, गाडी कोयनेच्या अंगाला लागली, डोंगर दोन्हीकडून जवळ आले. भातखाचरांत पाणी होतं आणि त्यात आभाळ होतं. माझे पाढे त्या खोऱ्यातून मोठमोठ्यानं चालले होते. वाटेवरच्या गुराख्यांनी काय समजूत करून घेतली असेल देव जाणे.

मागच्या छोट्या खिडकीतून मला दोघांची डोकी दिसत होती. आधी मध्ये बरंच अंतर होतं. मग वहिनींचा हात वर आला, त्यांनी कुठलासा डोंगर दाखवला. मग नदीकडं हात केला. त्या बोलायला लागल्या होत्या. संसार जुना झाला होता, पण एकमेकांशेजारी बसून बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. हवालदार मान हलवत होते. एकदा चक्क हसले. माझी एकोणतिसाची ओळ चुकली, मी घुटमळलो, थांबलो. गाडी थांबली नाही. मी मुद्दाम गप्प राहून बघितलं. पत्र्यावर मूठ पडली नाही. आपली कुणाला आठवणच नाही, ह्याचा मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही. मी हात डोक्याखाली घेऊन पडलो आणि झाडं वरून जाताना बघत राहिलो.

ते गाव आज नाही. धरण झालं आणि त्यावर पाणी आलं. तेव्हा मात्र डोंगराच्या पोटाशी चार घरं होती, आणि त्यातल्या एकात घोंगडीवर वहिनींची आई होती. एवढीशी, मुटकुळं झालेली. लेकीला तिनं ओळखलं, हात हलवला, पण बोलताना धाप लागायची. तिला बसवता येत नव्हतं. म्हणजे हौद्यात निजवूनच न्यायची.

हे ध्यानात आलं तसे हवालदार बाहेर गेले आणि नदीकाठच्या धोंड्यावर जाऊन बसले. वहिनी त्यांच्यामागं गेल्या. मी गवताच्या पेंढ्या हौद्यात पसरत होतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"मी मागं बसते. आईचं डोकं माज्या मांडीवर घेते."

"तिला बोलाय येतं का?"

"न्हाई. दम लागतो तिला."

"मंग मला कसं कळायचं?"

वहिनी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मला ठावं हाय समदं," त्या म्हणाल्या. "झोपेत बडबडता तुमी. बाईमानसानं काय इचारायचं म्हनून गप ऱ्हायले. आता आयका. तुमी फुडं बगा. मागलं मी बगते."

पाणी धोंड्यांवरनं जात होतं. मग ते उठले, घरात गेले, सासूला घोंगडीसकट दोन्ही हातांवर उचललं आणि आणून हौद्यात ठेवलं. माझी गरजच लागली नाही.

परतताना मी पुढं होतो. तो रस्ता मला कायमचा आठवतो आणि त्यातलं बोलणं एकच आठवतं, कारण दुसरं कुणी काही बोललंच नाही. हवालदारांचा चेहरा घामानं निथळत होता. गाडी ते पाण्यातून होडी न्यावी तशी नेत होते. दगड दिसला की वळसा, चाकोरी आली की चाल मंद. मागून आवाज नाही. त्यांचा पाय पुनःपुन्हा ब्रेककडं जायचा. एकदा तर गाडी थांबलीच. तेव्हा मागून वहिनींचा आवाज आला, "थांबू नगासा. मी हाय." गाडी निघाली. माझ्या तोंडात पाढे आले होते, मी ते गिळले. मागलं बघायचं काम आता वहिनींचं होतं, मी मध्ये पडायचं कारण नव्हतं.

साताऱ्याला दवाखान्यापुढं गाडी उभी राहिली. ऊन उतरायला लागलं होतं. हवालदारांनी चाक सोडलं नाही. मागं वळूनही बघितलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "बगा."

मी उतरलो. मागं गेलो. वहिनी आईच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. म्हातारीचे डोळे मिटलेले. तेवढ्यात गाडी थांबल्यामुळंच की काय, तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं, झाडाकडं, दवाखान्याच्या कौलांकडं बघितलं.

"आलं व्हय सातारं?" ती एकेक शब्द घेत म्हणाली. "डोळाच लागला व्हता बया. पाळन्यात घातल्यावानी."

पुढचं दार उघडल्याचा आवाज झाला. हवालदार आले आणि फाळक्याला धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

म्हातारीनं जावयाकडं बघितलं. दम खाल्ला. "पावनं," ती म्हणाली, "गाडी लय ब्येस हाय. तेवढ्या फळ्या बदला. पाठ सोलली माजी."

गावभर विचारून झालं होतं. पण त्या फळ्यांवर निजून, उतरताना आपलं मत सांगणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. आणि सासूचा शब्द जावयानं मोडायची आमच्याकडं रीत नाही.

म्हातारी दवाखान्यातनं बरी होऊन आमच्या गावातच लेकीकडं राहिली. सुताराच्या फळ्या डोहातून निघाल्या, सुकल्या आणि ठोकल्या गेल्या. जुन्या फळ्यांचं काय करायचं, हे हवालदारांनी कुणालाही विचारलं नाही. वहिनींनी त्या मागल्या दारी न्हाणीच्या चुलवणापाशी रचल्या आणि रोज सकाळी एकेक ढलपी काढून पाणी तापवायला घातली. हिवाळ्याचे दिवस होते. धूर जरा रंगाचा वास मारायचा. हवालदार चुलवणापुढं उकिडवे बसून जाळ पुढं सारायचे, मग न्हाणीत जाऊन कढत कढत पाणी अंगावर घ्यायचे, आणि आतून बारीक आवाजात गाण्याचा सूर यायचा. वहिनी बाहेर भाकरी थापत असत. हात न थांबवता त्या विचारायच्या, "पानी पुरं का आजून घालू?"

"घाल," ते आतून म्हणायचे. "संपू दे समद्या फळ्या."